नारळ फोडण्याआधी

अगं, परवा रात्री तुझा फोन आला आणि मग मला झोप लागेना. "ताई, ठेकेदार उचल मागतोय. पाडव्याला काम धरू म्हणतो. देऊन टाकू का?" एवढंच विचारलंस तू. मी म्हटलं, थांब जरा. पण का थांब, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आज निवांत बसले आहे, तर मनातलं सगळं लिहून काढते. पाहुणे कामावरून आले की त्यांनाही वाचून दाखव.

आमच्या माडीवरच्या खोलीचं छत तू बघितलं आहेस. दिवाळीला आली होतीस तेव्हा विचारलंस, "ताई, या रेघा कसल्या गं?" तपकिरी, सरळ, वीतभर अंतरावर एकेक. मी विषय बदलला. त्या रेघा म्हणजे आतल्या सळया आहेत. स्लॅबच्या वेळी सळई सेंटरिंगच्या प्लेटांवर तशीच टेकवली होती, खाली कव्हर ब्लॉक ठेवलेच नव्हते. त्यामुळे सळईखाली काँक्रीटचा थर बसला तो नखाएवढा. तीन पावसाळ्यांत ओल आत पोचली. सळई गंजली की फुगते, आणि ती फुगली की खालचा पोपडा सुटतो. एका रात्री असाच पोपडा पाळण्याशेजारी पडला. धाकटा तेव्हा माझ्याजवळ झोपला होता, एवढंच नशीब.

स्लॅब पडला त्या दिवशी मी कुठे होते, माहीत आहे? खाली चाळीस माणसांचा स्वयंपाक करत होते. वर काय चाललंय ते बघायला मला कुणी बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही. तुझे दाजी गाडीवरून वाळू मोजून घेत होते. म्हणून तुला हात जोडून सांगते, त्या दिवशी चुलीपाशी राहू नकोस. जेवण बाहेरून सांग, जावेवर सोपव, पण तू वर उभी राहा. फरशी चुकली तर उखडता येते, रंग नाही आवडला तर पुन्हा देता येतो. ओतलेला स्लॅब मात्र उघडून बघता येत नाही. जे विचारायचं, जे बघायचं, ते सगळं नारळ फोडण्याआधी.

तू विचारशील, माणूस चांगला की वाईट हे ओळखायचं कसं? त्यानं नुकतंच बांधलेलं घर बघू नकोस. नवं घर सगळंच छान दिसतं. चारपाच पावसाळे खाल्लेलं घर दाखव म्हणावं. तिथं गेलीस की घरातल्या बाईशी बोल. छत गळतं का, गॅलरीच्या कडेला ओल येते का, काम झाल्यावर बोलावलं तर माणूस आला का, हे तीच खरं सांगेल. मग त्याचं चालू काम न सांगता जाऊन बघ. सिमेंटच्या गोण्या फळीवर रचल्यात की ओल्या जमिनीवर? सळई चिखलात पडली आहे का? कालपरवा भरलेल्या कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळलंय का? ही तीन उत्तरं मिळाली की त्याच्या गोड बोलण्याकडे लक्ष द्यायची गरज उरत नाही.

भावाचं म्हणशील तर तीन जणांकडून भाव घे, पण तिघांच्या हातात एकच नकाशा दे. आणि तो स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढलेला असू दे. कुठल्या बीमला किती सळया, कुठली जाडी, रिंगा किती अंतरावर, हे त्यात लिहिलेलं असतं. "आम्ही वीस वर्षं घरं बांधतोय, इंजिनिअर कशाला?" असं म्हणणारा भेटेलच. त्याला नम्रपणे नाही म्हण. आपलं पाटण कोयनेच्या पट्ट्यात आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा धक्का आईनं आपल्याला किती वेळा सांगितला आहे! आपल्याकडे कॉलमच्या रिंगेचा आकडा चांगला आत वळवलेला लागतो, १३५ अंशांत. नुसता काटकोनात दुमडलेला आकडा मोठ्या धक्क्यात उघडतो. बीम आणि कॉलम जिथे भेटतात तिथे रिंगा जवळजवळ लागतात. हे अंदाजानं करण्याचं काम नाही.

भाव लेबरचा आहे की मालासकट, ते आधी स्पष्ट कर. मग एकेक विचारत जा. सेंटरिंग, सळई बांधणं, मिक्सर, व्हायब्रेटर, त्याचं डिझेल, पाणी मारायचा माणूस, हे त्या भावात आलं का? जिना, छज्जा, गॅलरी मोजताना पूर्ण धरणार की निम्मी? ब्रास हा शब्द आला की विशेष जप. क्षेत्रफळ मोजताना १०० चौरस फुटांचा एक ब्रास आणि वाळू, खडी, काँक्रीट मोजताना १०० घनफुटांचा एक ब्रास. आमचं भांडण नेमकं इथेच झालं होतं. तू कागदावर "चौरस फूट" किंवा "घनफूट" असंच लिहून घे.

हा कागद म्हणजे करारनामा. फार मोठा नको, दोन पानं पुरतात. काय बांधायचं, कुठल्या नकाशाप्रमाणे, काँक्रीट कुठल्या ग्रेडचं, सिमेंट आणि सळई कुठल्या प्रतीची, कधी संपवायचं, पैसे कधी द्यायचे आणि गळती निघाली तर किती काळ तो येऊन दुरुस्त करणार. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. ओळखीतला माणूस आहे म्हणून लाजू नकोस. ओळख टिकवायची असेल तर कागद हवाच.

आता उचलीचं. साहित्य जमवायला, माणसं आणायला थोडी रक्कम लागते, ती दे. पण पुढचे हप्ते कामाच्या टप्प्याला बांध: पाया भरल्यावर, प्लिंथ झाल्यावर, कॉलम उभे राहिल्यावर, स्लॅब पडल्यावर, सेंटरिंग काढून स्लॅबचं पोट बघितल्यावर. शेवटची काही रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत हाताशी ठेव आणि तसं करारातच लिही. आम्ही स्लॅबच्या आधीच जवळजवळ सगळे पैसे देऊन बसलो होतो. मग फोन करायचे आम्ही आणि उचलायचा नाही तो. पैसे बँकेतून दे. रोख द्यावे लागले तर वहीत तारीख टाकून सही घे.

माल किती लागेल, हे गणित तुला जमेल, घाबरू नकोस. ८०० चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे साधारण ३३३ घनफूट, साडेनऊ घनमीटरला थोडं कमी. घरासाठी एम-२० पेक्षा हलकं काँक्रीट घ्यायचं नाही. त्याचं प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. त्या हिशेबानं घनमीटरला साधारण आठ गोण्या लागतात, म्हणजे नुसत्या स्लॅबला पंचाहत्तरच्या आसपास. बीमचं वेगळं. संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोज. साठच भरल्या तर पंधरा गोण्यांची ताकद तुझ्या छतातून गेली. गोणीवर आयएसआयचा शिक्का आणि भरल्याची तारीख बघून घे. तीन महिन्यांवरचं सिमेंट ताकद गमावत जातं.

वाळू-खडी घमेल्यानं मोजू देऊ नकोस. एक घमेलं शीग लावून, दुसरं रिकामंरिकामं, असं होतं. लाकडी फर्मा करून घे: एक फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. यात बरोबर एका गोणीएवढा माल मावतो. मग एका गोणीला दीड फर्मा वाळू आणि तीन फर्मे खडी.

आणि पाणी. माझ्या अंगावर अजून काटा येतो तो या एका गोष्टीनं. दुपारी माणसं दमली, माल ओढायला जड जायला लागला, की मिक्सरपाशी कुणीतरी म्हणतं, "घट्ट येतंय, मार अजून एक बादली." एका गोणीला ३० लिटरच्या वर पाणी नको, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच आलं. पंधरा लिटरच्या दोन बादल्या, बस्स. जादाचं पाणी पुढे सुकून जातं आणि मागे बारीक बारीक पोकळ्या ठेवतं. त्यातूनच पावसाळा आत शिरतो. त्या दोन बादल्या तू स्वतः निवडून मिक्सरपाशी ठेव आणि मुकादमाला सकाळीच सांग.

स्लॅबच्या आदल्या दिवशी इंजिनिअरला बोलाव. त्यानं वर चढून सळई तपासून सही केल्याशिवाय मिक्सर लावायचा नाही, हे करारात असू दे. तूही बघ. स्लॅबच्या सळईखाली २० मिलिमीटरचे सिमेंटचे ब्लॉक हवेत, कॉलमला चारी बाजूंनी ४०. दगडाच्या कपच्या चालणार नाहीत. आणि गॅलरीपाशी थांब. बाहेर लोंबणाऱ्या गॅलरीची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, कारण तिथं ताण वर येतो. काम करणारे त्यावरून चालतात, सळई दबून खाली जाते आणि ती गॅलरी जिवावर बेतू शकते. ती खाली जाऊ नये म्हणून लोखंडी खुर्च्या ठेवतात. त्या आहेत का बघ. चालायला फळ्या टाकायला लाव.

व्हायब्रेटर दोन मागव. आमचा एकच होता आणि तो दुपारी बंद पडला. पुढचं काँक्रीट सळईनं टोचून भरलं आणि सेंटरिंग काढल्यावर बीमच्या पोटाला उघडी खडी दिसली, मधाच्या पोळ्यासारखी. पाणी लागल्यावर साधारण अर्ध्या तासात माल जागेवर बसून दाबला गेला पाहिजे. जेवणाच्या सुटीत मधेच काम थांबवायचं नाही, निम्म्यांनी जेवावं, निम्म्यांनी भरावं. थांबावंच लागलं तर जोड कुठे ठेवायचा हे इंजिनिअर सांगेल. त्याच दिवशी १५ सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे भरून घे, तीन ७ दिवसांसाठी, तीन २८ दिवसांसाठी. लॅबमध्ये ते दाबून बघतात. एम-२० म्हणजे २८ दिवसांनी त्यानं चौरस मिलिमीटरला २० न्यूटन भार पेलायला हवा. घराच्या खर्चापुढे या तपासणीची फी अगदी किरकोळ आहे.

तुमच्या रस्त्यानं मोठी गाडी येत असेल तर तयार काँक्रीटही मागवता येईल. मग चलनावरचा ग्रेड आणि भरल्याची वेळ बघ. दोन तासांत ते ओतून व्हायला हवं आणि त्यात इथं पाण्याचा एक थेंबही घालू द्यायचा नाही.

स्लॅब पडला, पेढे वाटले, की सगळे पांगतात. खरं काम तेव्हा सुरू होतं. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर आळी करून पाणी साठव. दुकानात बहुतेक पीपीसी सिमेंट मिळतं, त्याला किमान दहा दिवस पाणी लागतं. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तू चौदा दिवस सोडू नकोस. पाणी कोण मारणार हे करारात नसलं तर कुणीच मारत नाही. सेंटरिंगची घाई ठेकेदार करणार, कारण प्लेटांचं भाडं चढत असतं. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांआधी हलवायचे नाहीत, त्याहून मोठ्या गाळ्याचे आणि साध्या बीमचे चौदा दिवस. हा हिशेब साध्या ओपीसी सिमेंटचा. पीपीसीला आणखी वेळ द्यावा लागतो. म्हणून इंजिनिअरनं हो म्हटल्याशिवाय एकही टेकू हलू देऊ नकोस.

वर काम करणाऱ्या माणसांची काळजीही तुझीच समज. ठेकेदाराला विचार, यांचा विमा आहे का, इमारत बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का. कडेला आडवी बल्ली बांधून घे. त्या बायका डोक्यावर घमेली घेऊन तुझंच घर उभं करत असतात. त्यांना सावली आणि प्यायला थंड पाणी मिळायलाच हवं.

एवढं करूनही फसगत झालीच तर गप्प बसू नकोस. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तिथे तुझा करारनामा, बँकेच्या नोंदी आणि फोटो बोलतील. म्हणून झाकलं जाण्याआधी प्रत्येक सळईचा फोटो काढून ठेव. माझ्याकडे एकही नव्हता.

चांगले ठेकेदार आहेत गं, पुष्कळ आहेत. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. तो उलट तुला वर नेऊन दाखवतो. ज्याला राग येईल, त्याला उचल देऊ नकोस. पाडव्याचा मुहूर्त गेला तर अक्षय तृतीया आहे. आणि स्लॅबचा दिवस ठरला की मला आदल्या रात्रीच बोलाव. मिक्सरपाशी दोन बादल्या घेऊन मी उभी राहीन, तू वर गॅलरीपाशी थांब.