गाडी डुलते, आणि इस्टिमेट चोवीस हजारांचं

रीवा सोडून हनुमनाच्या रस्त्याला लागलो आणि गाडी माझं ऐकेनाशी झाली. सरळ रस्त्यावर ऐंशीच्या वेगाला स्टेअरिंग सारखं दोन बोटं डावीकडे, दोन बोटं उजवीकडे करावं लागत होतं, आणि मधल्या त्या चार बोटांत चाकांना काही पत्ताच नव्हता. शेजारून ट्रक गेला की गाडी आधी बाहेर फेकल्यासारखी व्हायची, मग आत ओढली जायची. नऊ वर्षांची स्कॉर्पिओ, आत सहा माणसं, टपावरच्या कॅरिअरवर बॅगांचा डोंगर. ड्रमंडगंजचा घाट चाळीसच्या वर न जाता उतरलो, मिर्झापूर मागे टाकलं आणि संध्याकाळी काशी गाठली. नागपूरहून सातशेच्या वर किलोमीटर झाले होते.

दुसऱ्या दिवशी तिथल्या एका गॅरेजवाल्याने गाडी पाच मिनिटं चालवून पाहिली आणि निकाल दिला, ‘‘रॅक गया है, भइया. नया पड़ेगा.’’ मजुरीसकट चोवीस हजार. त्याने जॅक लावला नव्हता, खाली वाकून पाहिलंही नव्हतं.

ब्रह्माघाटाकडे माझा मामेभाऊ राहतो. त्याच्या घराण्याची काशीतली ही चौथी पिढी. त्या गल्ल्यांत स्कॉर्पिओचा आरसासुद्धा शिरायचा नाही, म्हणून गाडी मैदागिनजवळच्या पार्किंगमध्ये उभी होती. दादा आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, ‘‘अरे, रॅकचं नंतर बघू. आधी हवा तर पाहा!’’

पुढच्या डाव्या टायरमध्ये २४, उजव्यात ३३. मागचे दोन्ही रिकाम्या गाडीच्या हिशेबाने भरलेले, गाडी मात्र खच्चून लादलेली. ड्रायव्हरच्या दाराजवळ खांबावर स्टिकर असतो. बऱ्याच गाड्यांत त्यावर रिकाम्या आणि भरल्या गाडीचे आकडे वेगवेगळे छापलेले असतात. ते निवांत वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, मीही त्यातलाच. हवा टायर थंड असताना मोजायची. पंक्चरवाल्याच्या मीटरवर विसंबू नका, पाचशे-सातशेचा स्वतःचा मीटर डिकीत ठेवा. मागे आणि टपावर फार ओझं झालं की पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि उंच गाडी आणखी डुलते. त्यामुळे बॅगा उतरवून, हवा नीट करून दहा किलोमीटर जाऊन या. या चाचणीला पैसे पडत नाहीत, आणि कधी कधी दुखणं इथेच संपतं.

आमचं अर्धंच संपलं. गाडी जराशी शहाणी झाली, पण मधली ती मोकळी जागा तशीच राहिली.

मिस्त्रीला तक्रार सांगताना शब्द जपून वापरा, कारण त्यावर बिल ठरतं. गाडी एकाच बाजूला जात असेल तर ‘खेचते’ म्हणा. त्यात टायर, ब्रेक किंवा अलाइनमेंटचा संशय. पुढचे दोन टायर अदलाबदल केल्यावर खेच बाजू बदलली तर दोष टायरचा (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हा प्रयोग नको). ऐंशी-शंभरला स्टेअरिंग थरथरत असेल तर बहुधा बॅलन्सिंगचं काम, एका चाकाचे शंभर-दीडशे रुपये. स्टेअरिंग जड झालं, वळवताना पंप कण्हायला लागला, तर हायड्रॉलिकचं ऑइल बघा. आणि स्टेअरिंग फिरवूनही चाक उशिरा ऐकत असेल तर तो ‘प्ले’, आपल्या मराठीत खेळ. गाडी सरळ उभी करून स्टेअरिंगच्या कडेला खडूची खूण करा. चाक हलायच्या आत खूण दीड-दोन सेंटीमीटर सरकली तर चालतं. तीनच्या पुढे गेली तर काहीतरी झिजलंय.

रुंद टायर लावले असतील तर आणखी एक शंका आधी फेडून घ्या. ट्रकांनी डांबरात पाडलेल्या चाकोरीत असे टायर आपोआप घसरतात. चाकोरी हा शब्द आपण नोकरीसाठी वापरतो, पण तिचा मूळ अर्थ हायवेवर कळतो. दुसऱ्या, सपाट रस्त्यावर गाडी सरळ चालली तर खर्च करू नका.

खेळ कुठे आहे हे शोधायला दोन माणसं आणि एक गोणपाट पुरतो. चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला. दादा स्टेअरिंग जरा जरा डावं-उजवं करत बसला, मी गोणपाटावर आडवा होऊन टॉर्च मारला. उजवीकडे सगळं एकजीव हलत होतं. डावीकडे टाय रॉड एंडचं रबर फाटलेलं, आतलं ग्रीस वाळूत कालवलेल्या काजळासारखं. रॉड हलायचा, त्याची पिन अर्धं बोट तशीच थांबायची, मग ‘टक्’, आणि त्यानंतर चाक. एवढी अर्धा बोट जागा आख्ख्या गाडीला हायवेभर नाचवत होती.

नंतर पुढचं चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून हाताने हलवायचं. घड्याळातल्या नऊ आणि तीनवर धरून हललं तर टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड. बारा आणि सहावर हललं तर बॉल जॉइंट. दोन्हीकडे सारखंच हललं तर व्हील बेअरिंग. बॉल जॉइंट सैल निघाला तर ती गाडी चालवत नेऊ नका. तो निसटला की चाक खाली दुमडतं. विमा पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स असेल तर टोइंग मागवा. खाली सगळं घट्ट आणि तरी खेळ आहे, तर स्टेअरिंग कॉलमचा सांधा आणि रॅकचे बुश बघा. पुढचं सगळं ठीक आणि वळणावर शेपूट हलतं असं वाटलं तर मागच्या अ‍ॅक्सलच्या लिंकचे बुश गेलेले असतात. मिस्त्री तिथवर पोहोचतच नाहीत.

आता पैसे. हे बाहेरच्या गॅरेजचे ढोबळ आकडे आहेत, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दीडपट तरी धरा. स्कॉर्पिओ, बोलेरोच्या वर्गात टाय रॉड एंड ५०० ते १,२००, रॅक एंड साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त, बॉल जॉइंट ७०० ते २,०००. फॉर्च्युनरच्या वर्गात हेच दुप्पट-तिप्पट. बुश शेकड्यांत मिळतात, पण प्रेसवर काढून बसवायची मजुरी त्यांच्याहून जास्त. कॉलमचा सांधा दोन-तीन हजार, व्हील बेअरिंग दोन ते आठ हजार. हायड्रॉलिक रॅक गळत असेल तर किट टाकून तीन ते सात हजारांत दुरुस्त होतो, नवा बारा-पंधरा हजारांपासून सुरू. स्कॉर्पिओ-एनसारख्या इलेक्ट्रिक स्टेअरिंगच्या गाडीत रॅकचा आकडा कितीतरी वर जातो, आणि काम झाल्यावर स्कॅनर लावून सेन्सर पुन्हा जुळवावा लागतो.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. सैल एंडावर केलेली अलाइनमेंट म्हणजे हलत्या पाटावर काढलेली रांगोळी. मोठ्या गाडीला ५०० ते १,२०० रुपये लागतात. आधीचे आणि नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्या. अनेक ठिकाणी फक्त ‘टो’ जुळवतात आणि ‘कॅस्टर’ लाल दिसत असला तरी सोडून देतात. गाडी सरळ धरून ठेवण्याचं काम मोठ्या प्रमाणात कॅस्टरचं असतं. शिम किंवा कॅम बोल्टने तो जुळवता येत असेल तर तसं करायला सांगा, वेगळे पैसे पडले तरी.

आमचं बिल: एंड ९५०, मजुरी ४००, अलाइनमेंट ९००. एकूण २,२५०. दुसऱ्या मिस्त्रीने जुना एंड काढण्याआधी त्याच्या आट्यांवर रंगाची खूण केली आणि कॉटर पिन नवी टाकली, त्यावरूनच माणूस कळला. जुना एंड मी मागून घेतला. तुम्हीही घ्या. बदलला म्हणून सांगितलेला भाग बदलल्याचा दुसरा पुरावा नसतो.

बिल पक्कं मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के आहे. कोणी जुन्या सवयीने २८ लावला तर बोट ठेवून दाखवा. परगावच्या गिऱ्हाईकाला गॅरेजवाले एवढ्यासाठीच गुंडाळतात, की तो परत येणार नाही. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. काम वाराणसीत झालं, तक्रार नागपुरात. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून बघा, त्याने बरीच कामं मिटतात.

परतीच्या वाटेवर जबलपूरला चहाला थांबलो. बाकीचे टपरीकडे गेले, मी पुन्हा गाडीखाली डोकं घातलं. रबर कोरडं होतं, कॉटर पिन जागेवर होती.