द्राक्षकाढणीची सावड : मदत मैत्रीची, हिशोब वहीचा



जानेवारी ते एप्रिल हे द्राक्षकाढणीचे दिवस. निफाड-दिंडोरी असो की तासगाव, एकरभर बाग असलेल्या घराची या दिवसांत एकच तारांबळ असते. व्यापाऱ्याशी सौदा ठरला की माल दोन-तीन दिवसांत उतरवावा लागतो. वरून अवकाळी पाऊस आला तर मणी तडकतात आणि ठरलेला भाव पडतो. अशा वेळी गटातली मैत्रीण म्हणते, “बायांनो, उद्या माझ्याकडे या गं.” आणि आपण जातोही. जायलाच हवं. पण कसं जायचं आणि त्याचा हिशोब कसा ठेवायचा, हे या धड्यात शिकू.

सावड आणि इर्जिक

आपल्या जुन्या माणसांनी यासाठी दोन शब्द ठेवले आहेत. इर्जिक म्हणजे एका हाकेला सगळ्यांनी जायचं, काम उरकायचं, ज्याचं काम त्यानं जेवू घालायचं. सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. दिवसाला दिवस फिटतो. द्राक्षाचं काम एका दिवसात संपत नाही, म्हणून इथे सावडच बरी.

बागेत जाण्याआधी

1. शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे ते लिहिलेलं असतं. ते दिवस भरले नसतील तर काढणी थांबवा. यात खाणाऱ्याचा जीव आहे आणि काढणारीचाही.
2. गोडी मोजली का ते विचारा. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. आंबट तोडलं ते आंबटच राहतं.
3. छोटी धारदार कात्री, डोक्याला रुमाल, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पिण्याचं पाणी बरोबर घ्या. नखं कापून जा.

काढणी करताना

सकाळी दव वाळलं की सुरुवात करा आणि ऊन चढायच्या आत मोठं काम उरका. घड नेहमी देठाला धरा. मण्यांवरचा पांढुरका थर बोटांनी पुसला तर मालाचा ताजेपणा जातो, व्यापारी लगेच नाक मुरडतो. तडकलेले, सडलेले, बारीक मणी कात्रीनं काढा, हातानं ओढू नका. कॅरेटमध्ये कागद अंथरून घड हळू ठेवा, दाबून भरू नका. भरलेलं कॅरेट सावलीत ठेवा.

मांडवाखाली हात वर करून खांदे भरून येतात. तासाभरानं काम बदलून घ्या : दोघी तोडतील, एक निवडेल, एक भरेल. मध्ये खाताना हात साबणानं धुवा. न धुतलेले मणी तोंडात टाकू नका, पोरांनाही देऊ नका.

काट्याजवळ एक जण हवीच

तोडणीच्या गडबडीत वजनाकडे दुर्लक्ष होतं. रिकामं कॅरेट आधी मोजा. समजा, कॅरेट दीड किलोचं आहे आणि वजावट दोन किलोची धरली. 200 कॅरेटांमागे 100 किलो माल फुकट गेला. किलोला 30 रुपये भाव धरला तरी 3,000 रुपये बुडाले. म्हणून लिहिता येणारी एक मैत्रीण काट्याजवळ बसवा. प्रत्येक वजन वहीत आणि शेवटी व्यापाऱ्याच्या सहीची पावती.

सावडीची वही

आता मुख्य गोष्ट. गटाच्या पंचसूत्रीत हिशोब लिहिणं हे एक सूत्र आहे. पैशाचा हिशोब आपण लिहितो, मग श्रमाचा का नको? एका वहीत पाच रकाने आखा : तारीख, कोणाची बाग, कोण आली, पूर्ण दिवस की अर्धा, परतफेड कधी झाली. बैठकीत ही वही वाचून दाखवा.

वही वाचली की एक गोष्ट दिसते. जिच्याकडे बाग आहे, तिचा दिवस फिटतो. कांदा-गहू असेल तिचाही फिटतो. पण जिच्याकडे जमीनच नाही, तिच्या शेतात आपण फेडायला जाणार कुठे? ती चार-चार दिवस येते, गटातली म्हणून ‘नाही’ म्हणत नाही, आणि तिची मदत तशीच राहते. त्या चार दिवसांत तिची दुसरीकडची मजुरीही बुडते. याला सावड म्हणत नाहीत, ही बिनपगारी मजुरी झाली.

म्हणून नियम करा. भूमिहीन मैत्रिणीला गावातला चालू रोज द्यायचा, बाहेरून आलेल्या टोळीला देतो तेवढाच. समजा, रोज 400 रुपये आहे आणि दोघी चार-चार दिवस आल्या. आठ दिवसांचे 3,200 रुपये झाले. वरच्या उदाहरणात काट्यावर जवळजवळ तेवढेच बुडत होते! मजुरी आठवड्याच्या आत तिच्या हातात द्या. व्यापाऱ्याचे पैसे यायची वाट पाहायला लावू नका आणि तिनं सांगितल्याशिवाय कर्जाच्या हप्त्यात वळती करू नका. पाटीभर द्राक्षं जरूर द्या, पण ती प्रेमाची भेट, मजुरीच्या बदल्यात नव्हे.

हिशोबानं मैत्री तुटते असं म्हणतात. खरं तर मनात साठलेल्या न बोललेल्या हिशोबानं ती तुटते.

बैठकीत चर्चा करा

- आपल्या गटात गेल्या हंगामात कोण कोणाकडे किती दिवस गेली? आठवून लिहा.
- कोणाचा दिवस अजून फिटायचा राहिला आहे?
- गावातला चालू रोज किती? आपण तेवढा देतो का?
- काट्याजवळ बसायला या वर्षी कोण शिकणार?

पुढच्या बैठकीला कोरी वही घेऊनच या.