पिंजरा दिसतोय का?

वेताळभट वाईट फाशाने मेला असता, तर प्रस्तुत लेखकाने दोन दिवस तोंड पाडून तिसऱ्या दिवशी नवं कॅरेक्टर बनवलं असतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्याला कॅरेक्टरच्या मरणाचं एवढं काही वाटत नाही. पण पहिल्या लेव्हलपासून वाढवलेला हा बाराव्या लेव्हलचा विझर्ड ‘तुला पिंजरा दिसतोय का?’ या एका प्रश्नावर गेला, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, पुढे स्वतःच्या मावसभावाला मात्र तो विचारला नाही. तक्रार आहे ती एवढीच. बाकीचं मागून येणाऱ्यांना ठेच लागू नये म्हणून.

हे टेबल वळसंगला भरतं. टेबल आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात सोलापूर-अक्कलकोट रस्त्यापासून जरा आत असलेल्या एका घराचं माळवद, त्यावर सोलापुरी चादर आणि चादरीवर नकाशा. उघड्या माळवदावर विसाचा फासा घरंगळत पन्हाळीत जातो, चादरीच्या जाड विणीवर जागच्या जागी बसतो. मधोमध कडक भाकरी आणि शेंगाचटणी, त्यामुळे सगळ्यांच्या कॅरेक्टर शीटच्या कडा लालसर झालेल्या. एक भिडू सोलापुरातून मोटारसायकलवर येतो, एक अक्कलकोटहून. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी, नियम इंग्रजी. भांडण तिन्ही भाषांत.

डीएमला एक श्रेय द्यावंच लागेल: किल्ला त्याने चांगला उचलला होता. देवगिरीची अंधारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. यादवांच्या या किल्ल्याचं मुहम्मद तुघलकाने दौलताबाद केलं आणि १३२७ मध्ये राजधानी तिथे हलवली. किल्ल्याच्या वरच्या भागात जायला कातळात खोदलेल्या काळोख्या, वळणावळणाच्या बोगद्यातून जावं लागतं. आत शिरलेल्या शत्रूला दिशा कळत नाही, पाय कुठे पडेल याचा भरवसा नाही. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण. त्यावर विस्तव पेटवला की बोगदा धुराने भरायचा, असं वाटाडे सांगतात. डीएमने अंधारी शेगडीसकट जशीच्या तशी घेतली आणि मधल्या वळणावर एक ‘ग्लिफ ऑफ वॉर्डिंग’ ठेवला. ग्लिफच्या पोटात ‘फोर्सकेज’.

फोर्सकेज ही सातव्या लेव्हलची स्पेल. टाकणारा निवडेल त्याप्रमाणे वीस फुटांचा गजांचा पिंजरा किंवा दहा फुटांची बंद पेटी. तासभर टिकते. पूर्ण आत सापडलेल्याला आधी सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, मिळत नाही. २०१४ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’प्रमाणे ‘डिस्पेल मॅजिक’ तिच्यावर चालत नाही. ईथरियल प्लेनमधून निसटावं म्हटलं, तर पिंजरा तिथेही पोचलेला. टेलिपोर्टने बाहेर पडायचं तर आधी करिश्म्याची सेव्ह. ती हुकली की बाहेर पडणं तर नाहीच, वर वापरलेली स्पेलही वाया. आता विझर्ड कशात तरबेज असतो? बुद्धीच्या आणि विझडमच्या सेव्हमध्ये. करिश्म्यात नाही. पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्या माणसाला कोंडायला याहून नेमकी जागा कोणी बांधली नसेल.

वेताळभटाचा करिश्मा आठ. बाकीचे पुढच्या वळणावर गेलेले, मध्ये दार बंद. टेलिपोर्टची ‘मिस्टी स्टेप’ टाकली. सतराच्या डीसीला फाशावर अठरा हवे होते, सहा पडले. इथवर प्रस्तुत लेखकाची काहीच तक्रार नाही.

मग ‘डिसइंटिग्रेट’. सहाव्या लेव्हलची स्पेल, आणि बाराव्या लेव्हलच्या विझर्डला सहाव्याचा स्लॉट दिवसातून एकच. तो याच कामासाठी राखून ठेवला होता. माणूस, वस्तू किंवा जादूच्या बळातून उभी राहिलेली गोष्ट, या तिन्हींवर ती चालते, असं तिच्याच वर्णनात आहे.

“डिसइंटिग्रेट. पिंजऱ्यावर.”

डीएमने मोबाइल उचलला. वाचलं. वर-खाली केलं, पुन्हा वाचलं. मोबाइल पालथा ठेवून चटणीचं बोट चाटलं आणि अगदी प्रेमाने विचारलं, “तुला पिंजरा दिसतोय का?”

बाकीच्यांना काही कळलं नाही. सोलापूरचा भिडू तर भाकरी मोडत होता. प्रस्तुत लेखकाला मात्र त्याच क्षणी सगळं समजलं, आणि समजल्यावर जे झालं त्याला पोटात खड्डा पडणं म्हणतात. फोर्सकेजच्या वर्णनात पिंजरा अदृश्य आहे असं म्हटलंय. डिसइंटिग्रेटचा किरण जातो तो ‘दिसणाऱ्या’ लक्ष्यावर. दोन स्पेलमधली दोन विशेषणं एकमेकांसमोर उभी करून डीएमने मधून दार लावून घेतलं होतं. त्याला हे त्या क्षणी सुचलेलं नव्हतं. चेहऱ्यावरून कळत होतं, की तो कित्येक दिवस या वाक्याची वाट पाहत होता.

पुढचा अर्धा तास वकिलीचा. गज दिसावेत म्हणून वेताळभटाने झोळीतलं पीठ उधळलं, तर “पीठ गजांमधून बाहेर गेलं.” थोडं तरी गजांवर बसेल ना? “बळाच्या गजांना काही चिकटत नाही.” हे कुठे लिहिलंय? “मी सांगतोय.” बरं, लक्ष्यच दिसत नसेल तर स्पेल टाकलीच गेली नाही, मग स्लॉट तरी परत दे. त्यावर त्याने २०१७ चं ‘झनाथर्स गाइड’ काढलं: चुकीच्या लक्ष्यावर स्पेल टाकली तर परिणाम शून्य, पण स्लॉट खर्ची पडतो. तिथे विषय स्पेल लागू न होणाऱ्या लक्ष्याचा आहे, न दिसणाऱ्याचा नाही, हे सांगेपर्यंत शेगडी पेटली होती आणि धूर गजांमधून आत येत होता. पिठाला बाहेर जायला जागा, धुराला आत यायला जागा. वेताळभट गुदमरला. अक्कलकोटचा भिडू म्हणाला, “होगली बिडप्पा,” म्हणजे जाऊ दे रे, आणि चटणी पुढे सरकवली.

नियमाच्या अक्षराप्रमाणे डीएम बरोबर होता, असं त्याचे पाठीराखे अजून सांगतात. अक्षरच लावायचं तर पूर्ण लावावं. डिसइंटिग्रेटच्या वर्णनात जादूच्या बळाचं उदाहरण म्हणून ‘वॉल ऑफ फोर्स’चं नाव दिलेलं आहे. आणि वॉल ऑफ फोर्स ही भिंत तिच्या स्वतःच्या वर्णनाप्रमाणे अदृश्यच असते. डीएमचा अर्थ धरला, तर स्पेलच्या कर्त्यांनी मुद्दाम दिलेलं उदाहरणच बहुतेक विझर्डांना कधी वापरता येणार नाही. अशा वेळी शहाणा डीएम नियमाचा हेतू बघतो. आमच्या टेबलावर हेतू फक्त नातेवाइकांसाठी बघितला जातो.

कारण महिनाही झाला नसेल, मावसभावाच्या सॉर्सररसमोर वॉल ऑफ फोर्स आली. त्याने डिसइंटिग्रेट टाकली. डीएम म्हणाला, “भिंत गेली.” दिसते का, हा प्रश्न नाही, पीठ नाही, झनाथर नाही. आठवण करून दिल्यावर उत्तर आलं, की भिंतीच्या वर्णनात डिसइंटिग्रेटने ती नष्ट होते असं स्पष्ट लिहिलंय, पिंजऱ्याच्या वर्णनात तसं नाही. खरं आहे, लिहिलंय. पण किरण सोडायला ती भिंत दिसली कशी? तेवढ्यात वीज गेली आणि सगळे खाली उतरले.

असो. आता ज्यांचे वेताळभट अजून जिवंत आहेत त्यांच्यासाठी.

सर्वांत आधी ‘सी इन्व्हिजिबिलिटी’. दुसऱ्या लेव्हलची साधी स्पेल, तासभर चालते, कॉन्सन्ट्रेशन मागत नाही, आणि अदृश्य प्राण्यांबरोबर अदृश्य वस्तूही दाखवते. डिसइंटिग्रेट घेतलेल्या विझर्डने अंधारीसारख्या जागी पाऊल टाकण्याआधी ती टाकून ठेवावी. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे मोहीम सुरू होण्याआधी, पहिल्याच बैठकीत, डीएमकडून ‘अदृश्य बळावर डिसइंटिग्रेट चालते की नाही’ याचं उत्तर घ्यावं. ग्रुपवर लिहून घ्यावं. तोंडी नको.

गजांचा पिंजरा असेल तर मंत्र आत-बाहेर जातात. म्हणजे बाहेरचा क्लेरिक आतल्या माणसावर ‘ब्लेस’ टाकू शकतो, प्रत्येक सेव्हला चाराच्या फाशाची भर. सहाव्या लेव्हलपासून पॅलाडिनच्या दहा फुटांच्या आत उभं असलेल्यांना त्याच्या करिश्म्याचा आधार मिळतो. पॅलाडिन फार बोलतात हे खरं, तरी त्यांना चिकटून चालावं. बंद पेटी असेल तर बाहेरचा कोणी काही करू शकत नाही. आपली सेव्ह आणि आपला फासा.

मिस्टी स्टेपला फक्त तोंड लागतं. हात बांधलेले असले तरी चालते, ‘सायलेन्स’च्या वर्तुळात चालत नाही. तीस फूट, आणि जिथे जायचं ती जागा दिसायला हवी. काळोखात डार्कव्हिजन नसलेल्या माणसाने तिच्या भरवशावर राहू नये. ‘डायमेन्शन डोअर’ पाचशे फूट जाते, जागा दिसायची गरज नाही, सोबत एकाला नेता येतं. पण भरलेल्या जागी पोचलात तर दोघांनाही चार सहांच्या फाशांचा मार आणि स्पेल फुकट. नकाशा न बघता ती टाकू नये.

‘फाइंड ट्रॅप्स’ घेऊ नका. नावावर जाऊन दर वर्षी कोणीतरी नवा क्लेरिक ती घेतो. सापळा आहे एवढं ती सांगते, कुठे आहे ते सांगत नाही. अंधारीत सापळा आहे हे कळायला स्लॉट कशाला खर्चायचा? त्यापेक्षा ‘डिटेक्ट मॅजिक’ रिच्युअल म्हणून टाकावी. दहा मिनिटं जास्त लागतात, स्लॉट लागत नाही. मात्र फूटभर दगड किंवा शिशाचा पातळ पत्राही तिला अडवतो, आणि हुशार डीएम शिसं वापरतात. आमच्याकडे वापरतात.

पुढे माणूस घालण्यापेक्षा ‘मेज हँड’ किंवा ‘अनसीन सर्व्हंट’ घालावा. ही अक्कल नवी नाही. या खेळाच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे थडग्यातलं साहस १९७५ मध्ये ओरिजिन्सच्या मेळाव्यात चालवलं आणि १९७८ मध्ये ते छापून आलं. मुरलेल्या खेळाडूंची घमेंड उतरवणं हाच त्याचा उद्देश. त्यात एका हिरव्या सैतानी चेहऱ्याच्या उघड्या तोंडात ‘स्फिअर ऑफ अ‍ॅनिहिलेशन’ बसवलेला आहे. आत डोकावलं की माणूस संपला. सेव्ह नाही, मंत्र नाही. रॉब कुंट्झच्या रॉबिलार या कॅरेक्टरने या थडग्यात आपल्या पदरचे ऑर्क पुढे घातले, ते सापळ्यांत मरत गेले, रॉबिलार खजिना घेऊन निघून गेला. त्याला कोणी ‘दिसतंय का’ विचारलं नाही.

डिस्पेल मॅजिक तिसऱ्या लेव्हलपर्यंतच्या स्पेल आपोआप मोडते. वरच्यांसाठी दहा अधिक स्पेलची लेव्हल एवढी डीसी. ग्लिफ फुटण्याआधी सापडला तर त्यावर ती जरूर टाकावी. ‘मेझ’मध्ये पडलात तर घाबरू नका, आठव्या लेव्हलची आहे, सेव्ह नाही, पण बाहेर पडायला बुद्धीची वीसची चेक लागते, आणि विझर्डला सूड उगवायची तेवढी एक जागा मिळते. नियम वाचून जा, वेळेवर जेवून जा, फोन चार्ज करून जा. नियम विकत घ्यायचीही गरज नाही: जानेवारी २०२३ पासून पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला आहे. फोर्सकेज आणि डिसइंटिग्रेट दोन्ही त्यात शब्दशः वाचायला मिळतात. मोबाइल डीएमचा असो, वाचन आपलं असावं.

२०२४ च्या नव्या नियमांत फोर्सकेजला कॉन्सन्ट्रेशन लागतं. म्हणजे ती टाकणारा समोर असेल तर सोबत्यांनी पिंजऱ्याला धडका देत बसण्याऐवजी त्यालाच गाठावं. प्रत्येक फटक्याला त्याला कॉन्स्टिट्यूशनची सेव्ह, दहाची किंवा झालेल्या इजेच्या निम्म्याची, जी मोठी असेल ती. शिवाय दीड हजार सोन्याच्या नाण्यांची माणकाची पूड आता दर वेळी संपते. नवे नियम घेऊ या, असं प्रस्तुत लेखकाने टेबलावर सुचवून पाहिलं. डीएमची हरकत नाही. त्याच्या खलनायकाच्या तळघरात माणकाच्या पुडीची पोती आहेत, असं त्याने त्याच संध्याकाळी जाहीर केलं.