सशांतील दोन सुप्त रंगांचा मेळ

निळसर राखी नर आणि चॉकलेटी मादी यांची सर्व पिल्ले काळी निघाली, की विक्रेत्याने फसवले अशी शंका ससेपालकाला येते. वस्तुतः अशा संकरातून काळीच पिल्ले अपेक्षित असतात. ती निरुपयोगी समजून विकली, तर या दोन रंगांच्या मेळातून मिळणारा लायलॅक, म्हणजे गुलाबी छटेचा फिकट राखी रंग, हाती येत नाही.

रंग कसा ठरतो?

प्रत्येक गुणाची जनुके जोडीने असतात. एक नराकडून, तर दुसरे मादीकडून येते. एकरंगी सशात एक जोडी केसाचा रंग काळा की चॉकलेटी हे ठरवते, तर दुसरी जोडी तो गडद दिसणार की फिका हे ठरवते. काळा व गडद हे गुण प्रबळ असून चॉकलेटी व फिका हे सुप्त आहेत. जोडीतील दोन्ही जनुके सुप्त असली तरच तो गुण दिसतो. काळा रंग फिका झाला की निळसर राखी आणि चॉकलेटी रंग फिका झाला की लायलॅक दिसतो. संकराचे गणित मांडण्याचा चौकोन ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या केंब्रिजच्या प्रा. पनेट यांनीही सशांच्या रंगांचा अभ्यास केला होता.

पिढीनुसार अपेक्षा

पहिली पिढी : सर्व पिल्ले काळी. मात्र प्रत्येकात चॉकलेटी व फिका अशी दोन्ही सुप्त जनुके एकेक असतात.

दुसरी पिढी : पहिल्या पिढीतील काळे नर व माद्या यांच्या संकरातून दर १६ पिल्लांत सरासरी ९ काळी, ३ चॉकलेटी, ३ निळसर राखी व १ लायलॅक.

ही सरासरी आहे, हमी नव्हे. किमान एक लायलॅक मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास ४७ पिल्ले, म्हणजे वेताला ६ पिल्ले धरून ८ वेते लागतात. गाभण काळ सुमारे ३१ दिवसांचा आणि मादी ५ ते ६ महिन्यांनी पैदाशीस योग्य होते. त्यामुळे दुसरी पिढी हाती येण्यास साधारण ७ ते ८ महिने लागतात.

पुढील पैदास

१. लायलॅक मिळाल्यावर त्याचा संकर पहिल्या पिढीतील काळ्या सशाशी करावा. सरासरी ४ पैकी १ पिल्लू लायलॅक निघते. तेवढ्याच खात्रीसाठी येथे ११ पिल्ले पुरतात.

२. लायलॅक मिळाला नाही, तर दुसऱ्या पिढीतील राखी व चॉकलेटी यांचा संकर करावा. अशा दर ३ जनावरांपैकी सरासरी २ जनावरांत दुसरा रंग दडलेला असतो. तो नुसते पाहून ओळखता येत नाही, पिल्लांवरूनच कळतो. म्हणून 'जनुक दडलेले आहे' एवढ्या तोंडी शब्दावर जादा भाव देऊ नये.

३. लायलॅक नर व लायलॅक मादी यांची सर्व पिल्ले लायलॅक निघतात.

घ्यावयाची काळजी

• न्यूझीलंड व्हाइटसारखा लाल डोळ्यांचा पांढरा ससा या संकरात वापरू नये. पांढरेपणाच्या जनुकामुळे इतर सर्व रंग झाकले जातात आणि वरील प्रमाण चुकते.

• सुरुवात परस्परांशी नाते नसलेल्या दोन जोड्यांनी करावी. पहिल्या पिढीत एका जोडीचा नर दुसऱ्या जोडीच्या मादीस द्यावा. सख्ख्या भावंडांचा संकर केल्यास रंग मिळतो, पण पिल्लांची मरतूक व वांझपणा वाढण्याचा धोका असतो.

• प्रत्येक सशाच्या कानावर क्रमांक गोंदवून आई, बाप, जन्मतारीख व रंग यांची नोंद ठेवावी. नोंद नसलेला काळा ससा पैदाशीच्या दृष्टीने साधा काळा ससाच ठरतो.

रंगामुळे वजन वाढत नाही. एका लायलॅकमागे इतर रंगांची सरासरी १५ पिल्ले सांभाळावी लागतात. त्यांचे खाद्य, पिंजरे व विक्री यांचा हिशेब पहिल्या संकराआधीच मांडावा. तो जमत नसेल, तर हा प्रयोग हाती न घेणेच फायद्याचे ठरेल.