घरच्या संगणकावर थेट प्रक्षेपण

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे हळूहळू खेड्यांतही संच आले. ज्याच्या घरी संच, त्याच्या ओसरीवर सारी आळी जमे.

एखादी गोष्ट घडत असतानाच ती दाखवणे, याला थेट प्रक्षेपण म्हणतात. ऑगस्ट २०११ मध्ये आपल्या जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी दिल्लीला रामलीला मैदानावर उपोषण केले. वाहिन्यांनी ते थेट दाखवले. दिल्ली किती दूर! पण पारनेरच्या माणसाला ते घरबसल्या दिसले.

आता असे प्रक्षेपण घरच्या संगणकावरही पाहता येते. छपरावर थाळी लागत नाही. इंटरनेटची जोडणी मात्र लागते.

चित्र कसे येते?

तिकडे कॅमेरा चित्र टिपतो. त्या चित्राचे आकडे होतात. आकड्यांचे लहान लहान गठ्ठे तारेतून किंवा टॉवरवरून आपल्याकडे येतात. संगणक ते गठ्ठे जोडून पुन्हा चित्र करतो.

चित्र अडू नये म्हणून संगणक थोडे गठ्ठे आधीच जमवून ठेवतो. म्हणून चित्र काही क्षण उशिरा दिसते. शेजारच्या टीव्हीवर चौकार आधी जातो, आपल्याकडे मागून. यात बिघाड काही नाही.

चित्र सारखे थांबत असेल, तर त्याची स्पष्टता कमी करावी. त्याने डेटाही वाचतो. फार स्पष्ट चित्राला तासाभरात एक जीबीहून जास्त डेटा लागतो.

थेट की शिळे?

पडद्याच्या कोपऱ्यात लाल पट्टी असते. तिच्यावर 'लाइव्ह' असे लिहिलेले असते. पण ही पट्टी कोणीही लावू शकतो. जुनी बातमी आजची म्हणून दाखवली जाते. त्यात आपले नुकसान होते.

समजा, घरात कांदा साठवला आहे. आजोबा संगणकावर बातमी बघतात : "कांद्याची निर्यात बंद!"

आजोबा म्हणतात, "पोरी, आता भाव पडणार. उद्याच गाडी भरून घोडेगावच्या बाजारात नेऊ. मिळेल त्या भावात देऊन टाकू."

नात म्हणते, "आबा, थांबा जरा. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय, ते वाचा की."

आजोबा एक एक अक्षर लावून वाचतात. "आठ... डिसेंबर... दोन हजार तेवीस. अगं, ही तर जुनी बातमी!"

खरोखरच डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. जुन्या बातमीवर विसंबून आजोबांनी माल काढला असता, तर पदरचे पैसे गेले असते. त्यांना वाचता येत होते, म्हणून माल वाचला.

एवढे ध्यानात ठेवा

१. वाहिनीचे नाव वाचा. ओळखीची वाहिनी आहे का, ते पाहा.
२. तारीख आणि वेळ वाचा.
३. तीच बातमी दुसऱ्या वाहिनीवर आहे का, ते पाहा. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी लावून पाहा.
४. माल विकण्याआधी बाजार समितीत फोन करून विचारा.
५. "फुकट टीव्ही दाखवतो" असे सांगून कोणी बँकेचा आकडा किंवा ओटीपी मागितला, तर देऊ नका.

डोळ्यांना दिसले म्हणजे खरे झाले, असे नाही. आधी वाचावे, मग विश्वास ठेवावा.

प्रश्न

१. थेट प्रक्षेपण म्हणजे काय?
२. संगणकावर चित्र उशिरा का दिसते?
३. आजोबांचे नुकसान कशामुळे टळले?
४. आज एक बातमी पाहा. तिची तारीख वहीत लिहा.