शीत रेताचे आयुष्य

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. अशा डोंगरपट्ट्यात गोठित रेतासाठी द्रवरूप नायट्रोजन सतत पुरवणे जिकिरीचे. बर्फाच्या थर्मासमधून 5 अंश सेल्सियसचे शीत रेत नेणे त्यामानाने सुलभ. परंतु थंडीने शुक्राणूंचा श्वास मंदावतो, थांबत नाही. प्राणवायूच्या उग्र रूपांमुळे त्यांच्या आवरणातील स्निग्धाम्ले बिघडतात व दोन-तीन दिवसांत फलनक्षमता घटते. ही झीज लांबविण्यासाठी अंड्याचा बलक व सायट्रेट यांच्या द्रावणात ई जीवनसत्त्व किंवा ग्लुटाथायोन मिसळण्याचे प्रयोग झाले आहेत. प्रमाण मात्र काटेकोर हवे. अतिरेक शुक्राणूंनाच बाधतो. आणि माजाची वर्दीच उशिरा पोहोचली, तर टिकविलेले रेतही वाया! गाय सकाळी माजावर दिसल्यास त्याच सायंकाळी, सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या सकाळी रेतन करावे.