मनीला आजच डॉक्टरांकडे ने

हे बघ, आधी एक काम कर. मनीच्या डोळ्यांत घालायला म्हणून काढलेली थेंबांची बाटली परत ठेवून दे. तुझ्या लेकाचे डोळे आले होते तेव्हाची ना ती? मग तर अजिबात नको. का नको ते सांगते, पण आधी तू पाठवलेल्या फोटोबद्दल बोलू दे मला.

फोटोत तिचे दोन्ही डोळे जवळजवळ काळेभोर दिसताहेत. हिरवा रंग कडेला दोऱ्याएवढा उरलाय. तू लिहिलंयस, ‘बघ ना, किती गोड दिसतेय.’ दिसतेय खरी, पण तिच्या मागे खिडकी आहे आणि खिडकीतून लख्ख ऊन येतंय. एवढ्या उजेडात मांजराच्या डोळ्यातली बाहुली उभ्या रेघेसारखी बारीक व्हायला हवी. अंधारात, खेळाच्या भरात किंवा फटाक्यांना घाबरल्यावर ती मोठी होते, त्यात काळजीचं काही नाही. पण मनी शांत बसलीय, भर दुपार आहे, आणि तरी दोन्ही बाहुल्या सताड उघड्या आहेत. तिला दिसत नसेल, अशी मला भीती वाटतेय गं. तेरा वर्षांच्या मांजराच्या बाबतीत हे असं अचानक झालं, की माझ्या मनात पहिल्यांदा बीपी येतं.

हो, मांजरांनाही बीपी होतं, आणि म्हातारपणी बऱ्याच जणींना होतं. डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या अगदी नाजूक असतात. दाब वाढला की त्या पाझरतात, पडद्यामागे पाणी साठतं आणि पडदा जागेवरून सुटतो. दुखत नाही, त्यामुळे मांजर ओरडत नाही. काल नीट चालणारी मनी आज दाराच्या चौकटीला धडकते, सोफ्यावर उडी मारताना तिचा अंदाज चुकतो आणि आपण म्हणतो, वय झालं बिचारीचं. कधी डोळ्यात आत रक्तही उतरलेलं दिसतं.

बीपीच्या मागे बहुतेक वेळा दुसरंच दुखणं असतं. किडनी थकलेली असते, किंवा थायरॉईड वाढलेलं असतं. दिवाळीत तूच म्हणाली होतीस ना, हिची पाण्याची वाटी हल्ली सारखी रिकामी होते आणि लघवीची वाळूही जास्त भिजते? ते डॉक्टरांना आठवणीने सांग. भूक नेहमीपेक्षा वाढलीय आणि तरी अंग झडतंय, असं असेल तर तेही सांग. तुला वाटेल, डोळ्यांसाठी आलोय, पाण्याचं कशाला सांगू? पण डॉक्टरांना वाट तिथूनच सापडते.

निघण्याआधी घरातच दोन गोष्टी बघून घे. मोबाईलचा टॉर्च बाजूने क्षणभर तिच्या एका डोळ्यावर धर आणि बाहुली आकसते का बघ. मग कापसाचा छोटा बोळा तिच्या नाकासमोर थोड्या उंचीवरून सोड. कापूस आवाज न करता पडतो. दिसत असेल तर तिची नजर त्याच्या मागे जाईल. हात हलवून बघू नकोस, हाताचा वारा तिच्या मिशांना कळतो आणि आपली उगाच समजूत होते की हिला दिसतंय.

दवाखान्यात जाण्याआधी फोन करून विचार, मांजराचं बीपी मोजायचं यंत्र आहे का. सगळीकडे नसतं. नसेल तर जिथे आहे तिथलं नाव त्यांनाच विचार. पुढच्या पायाला किंवा शेपटीच्या बुडाशी छोटा पट्टा गुंडाळून मोजतात. गेल्या गेल्या मोजू नका म्हणून सांग, तिला पाच-दहा मिनिटं पिंजऱ्यातच शांत बसू दे, कारण घाबरूनही आकडा चढतो. म्हणूनच चार-पाच वेळा मोजून सरासरी घेतात. वरचा आकडा सतत 160 च्या पुढे राहिला तर ते बीपी समजतात, आणि 180 च्या वर गेला तर डोळे, मेंदू, किडनी, हृदय सगळ्यांनाच धोका. गोळी बहुधा अ‍ॅम्लोडिपिनची देतील. हो, आपल्या बाबांची तीच. पण मांजराला तिचा अगदी छोटा तुकडा पुरतो, तेव्हा बाबांच्या डब्यातली गोळी स्वतःच्या अंदाजाने मोडून देऊ नकोस.

दृष्टी परत येईल का, हे मी तुला छातीठोकपणे सांगू शकत नाही. पडदा सुटून थोडाच वेळ झाला असेल आणि दाब लवकर उतरला, तर तो परत बसतो आणि काहींना थोडंफार दिसायला लागतं. उशीर झाला की ती आशा मावळते. म्हणून म्हणते, सोमवारची वाट बघू नकोस, आजच जा.

आता त्या बाटलीचं. डोळे आल्यावर माणसांना देतात त्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉईड असतं. मांजराच्या डोळ्याला नख लागून किंवा हर्पिसच्या विषाणूने वर जखम झालेली असेल, तर स्टेरॉईडने ती भरत नाही, उलट खोल जाते. वेळेला डोळा फुटतोसुद्धा. ही जखम नुसत्या नजरेला दिसेलच असं नाही. डॉक्टर डोळ्यात एक केशरी रंग सोडतात आणि निळ्या दिव्याखाली जखम हिरवी चमकते. ते केल्याशिवाय कुणीही, अगदी औषधाच्या दुकानातल्या ओळखीच्या काकांनीसुद्धा दिलेले थेंब घालायचे नाहीत. गुलाबपाणी, मध, बोरिक पावडर, आजीचा दुधाचा बोळा, सगळं बाजूला ठेव. फार चिकटलं असेल तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून बाहेरून पुस, एवढंच. आणि कळवळून क्रोसिन तर चुकूनही देऊ नकोस. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीराला पचवताच येत नाही, एका गोळीनेही जीव जातो.

तुझ्या घरी तो लहान बोकाही आहे, म्हणून थोडं त्याच्यासाठीही सांगून ठेवते. एकच डोळा बिघडला तर विचार वेगळा करायचा. एक बाहुली मोठी आणि एक लहान दिसली, तर कुठली बिघडलीय ते आपल्याला घरी ठरवता येत नाही. डोळ्याच्या आत सूज असेल तर बाहुली बारीक होते, आतला दाब वाढला, म्हणजे काचबिंदू झाला, तर मोठी राहते. बारीक बाहुलीसोबत पापणी लोंबली आणि आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा वर आला, तर त्या बाजूच्या नसेला मानेत किंवा कानात कुठेतरी त्रास आहे. तो पांढरा पडदा म्हणजे त्यांची तिसरी पापणी. ती दोन्ही डोळ्यांवर चढली असेल तर अनेकदा दुखणं पोटात असतं, जुलाब, जंत किंवा अंगातलं पाणी कमी होणं. डोळा मिटून बसला, पाणी गळतंय, उजेड नको वाटतोय, तर त्याला दुखतंय असं धरूनच चाल. त्यात रात्री गच्चीवर भांडून आला असेल तर तासांचा हिशेब असतो.

रंगाचंही लक्षात ठेव. पिल्लांचे निळे डोळे दुसऱ्या महिन्यापासून हिरवे-पिवळे होतात, ते होणारच. पण मोठ्या मांजराच्या डोळ्याचा रंग बदलत नाही. एका डोळ्याचं पिवळं गढूळ किंवा लालसर व्हायला लागलं, तर आत सूज आहे, आणि तिच्या मागे मांजरांचा ल्युकेमिया, एफआयपी किंवा टॉक्सोप्लाझ्मा असू शकतो. बुबुळावर तपकिरी ठिपके आले आणि पसरत गेले, तर दर महिन्याला त्याच खिडकीत, त्याच उजेडात फोटो काढून ठेव. बहुतेक ठिपके निरुपद्रवी असतात, पण काही गाठीचे निघतात आणि वाढ फोटोंतूनच कळते.

एक गोष्ट मला केव्हापासून बोलायची होती. दूध-पोळीवर वाढवू नकोस गं त्या बोक्याला. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच घातलं गेलं, पण ती मांजरं दिवसभर उंदीर-पाली मारून आपली गरज भागवत होती. फ्लॅटमधल्या बोक्याला ते कुठून मिळणार? मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य मांस-मासळीतूनच घ्यावं लागतं. ते नसेल तर डोळ्याचा पडदा हळूहळू मरतो, हे 1975 मध्ये प्रयोगांतून सिद्ध झालं, आणि हृदयही त्यानेच फुगतं हे 1987 मध्ये. गेलेली नजर त्यात परत येत नाही. कुत्र्याच्या खाण्यातही ते पुरेसं नसतं. मासे उकडतेस तेव्हा ते पाणी ओतून देऊ नकोस, टॉरिन त्यातच उतरलेलं असतं, भाताबरोबर तेच घाल. आणि मांजरासाठीचं तयार खाणं थोडं तरी रोज ठेव.

मनीला अलीकडे कुठलं अँटिबायोटिक दिलं होतं का? त्याची पट्टी सोबत ने. एन्रोफ्लॉक्सासिन जास्त मात्रेत गेलं, तर मांजरांची दृष्टी एका-दोन दिवसांत जाऊ शकते, आणि किडनी कमजोर असली की धोका वाढतो.

समजा नाहीच दिसलं तिला पुढे, तरी घाबरू नकोस. मिशा, कान आणि नाक यांच्यावर ती सगळं घर पाठ करेल. तू फक्त सोफा हलवू नकोस, पाणी आणि वाळू जिथल्या तिथे ठेव, उचलण्याआधी हाक मार. आणि बाल्कनीला जाळी या आठवड्यातच बसवून घे.

आता पिंजरा काढ. आत तिचाच जुना टॉवेल घाल, वरून ओढणी टाक म्हणजे रिक्षाच्या आवाजाला दचकणार नाही. बीपीचा आकडा काय आला ते तिथूनच कळव मला, आणि रक्त-लघवीची तपासणी सांगितली तर नको म्हणू नकोस, पैशांचं आपण दोघी बघू.